एका कान्याचा प्रश्न

साखरेने धाकटीची नजर आधीच नेली होती. मग अर्धांगाने उजवी बाजू नेली. पण सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी झाली की तिच्या बोलण्यातले तो, ती आणि ते एकमेकांत मिसळून गेले. पाणी आला, म्हणायची. खिडकी उघडा आहे, म्हणायची. उशी टोचतो, म्हणायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाली की असे होते, मनाला लावून घेऊ नका. आक्काने मनाला लावून घेतले नाही. तिने ती चूक दुरुस्त करायला घेतली.

दुरुस्त करणे हा तिचा स्वभावच होता. वडिलांच्या मागे बाइंडिंगचा कारखाना तिने एकटीने चालवला. छापखान्यातून छापील तावांचे फर्मे यायचे, त्यांच्या घड्या पडायच्या, दोऱ्याने शिवण व्हायची, पाठीला सरस लागायचा आणि पुस्तक दाबायच्या शिकंज्यात जाऊन बसायचे. मजकुराशी बाइंडरला काही देणेघेणे नसते. तरी मुखपृष्ठावर वेलांटी चुकलेली दिसली, तर आक्का सगळा माल तसाच परत पाठवी. छापखानेवाले वैतागत, पण काम तिच्याकडेच आणत. घरातही तोच शिरस्ता होता. तिच्यासमोर कुणी चुकीचे बोलले, तर बोलणे पुढे जात नसे; आधी शब्द नीट व्हायचा, मग विषय.

धाकटी तिची पाठची बहीण. लवकर वैधव्य आले आणि लहान मुलीला कडेवर घेऊन ती आक्काकडे आली, ती कायमची. शिवणीच्या टेबलावर तिने आयुष्य काढले. आता त्याच टेबलामागे, लाकडी पडदीआडच्या खोलीत तिची खाट होती. तिची पाठ पुसणे, कूस बदलणे, घास भरवणे सगळे आक्का स्वतःच्या हाताने करी. परक्या बाईचा हात बहिणीला लागू द्यायला ती तयार नव्हती.

"माझा आला का?" धाकटी विचारी.

"माझी," आक्का म्हणे. "माझी आली का, असं म्हण."

"माझा."

"अगं, माझी. मुलगी आहे ना ती?"

धाकटी तोंड मिटून घेई आणि भिंतीकडे वळे. आक्काला वाटे, बिचारीला शब्द सापडत नाही. ती चमचा पुन्हा भरे.

त्या मुलीची गोष्ट आक्काने एकटीने पोटात ठेवली होती. दूरच्या शहरात लिफ्टच्या दुरुस्तीचे काम शिकायला म्हणून ते पोर गेले, आणि काही वर्षांपूर्वी एका दुपारी दारात येऊन उभे राहिले. केस बारीक कापलेले, अंगात पुरुषी सदरा, आवाज फुटल्यासारखा. "मावशी, मी आलो," असे म्हणाले.

आक्काचे हात सरसाने माखलेले होते. "या घरातून एक मुलगी गेली होती," ती म्हणाली. "ती ज्या दिवशी 'आले' म्हणेल, त्या दिवशी दार उघडं आहे."

"मग बंदच समज," असे म्हणून ते पोर जिना उतरून गेले.

आत कापणीचे मशीन चालू होते. कोण होते, असे धाकटीने विचारले, तेव्हा आक्का म्हणाली, कागदवाला. त्यानंतर ती नेहमी सांगत राहिली की पोरीला सवड नाही, काम फार आहे. बहिणीला हा घाव बसू नये म्हणून आपण तो स्वतःवर घेतला, याचा तिला मनातून अभिमान होता.

आता धाकटी खालावली, तेव्हा डॉक्टरांनी नाडी धरून पाहिली आणि आक्काला बाहेर बोलावले. "ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलवून घ्या," ते म्हणाले. आक्काने मान हलवली आणि कुणालाही बोलावले नाही. बोलावले ते मैनेने. मैना म्हणजे घड्या घालणारी बाई. तोंडाची टकळी बंद होत नसे म्हणून तिला हे नाव पडले होते. तिने कारखान्याच्या फोनवरून काय ते कळवले असावे, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पुन्हा तीच उंची, तेच खांदे उभे राहिले. आता हनुवटीवर विरळ दाढीही होती.

शिकंज्यावरच्या म्हाताऱ्या कारागिराने, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, दांडा फिरवायचा थांबवला.

आक्का खुर्चीवरून उठली नाही. बहीण आत शेवटच्या घटका मोजत असताना दारात तमाशा करणारी ती बाई नव्हती. हार मानणारीही नव्हती. तिने भाषेतूनच वाट काढली.

"कधी निघणं झालं?"

"सकाळी."

"प्रवास बरा झाला?"

"ठीक."

"खाणंपिणं?"

"वाटेत उरकलं."

"आता राहणं होणार, की लगेच परतायचं?"

"बघू."

उस्ताद मैनेच्या कानाशी लागला. "बघ, बघ, आक्का कशा चालल्यात. ओल्या फरशीवरून चालावं तशा. एक पाय घसरला तर शपथ." मग तो मोठ्याने म्हणाला, "मैने, पाहुण्यांना पाणी दे."

"पाहुणे कसले? माझ्या मांडीवर खेळून..."

"पाहुणेच म्हण. त्या शब्दात सगळे बसतात, दाटीवाटी होत नाही."

तर पाहुणा पाणी प्यायला, त्याने भांडे खाली ठेवले आणि पडदीकडे पाहिले. "आत जाऊ?"

"आधी इथे बसायचं," आक्का म्हणाली. "तिला काही दिसत नाही. ती फक्त ऐकते. दिवसरात्र तिला एकच ध्यास आहे, मुलगी कधी येते. तिच्या उशाशी एक परका पुरुष बसून आई आई करायला लागला, तर तिचा जीव त्या घाबरण्यातच जाईल. तेव्हा आत जायचं ते 'मी आले' म्हणत. आणि आवाज मऊ ठेवायचा, पूर्वी होता तसा."

"मावशी, आईला सगळं ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मी कोण ते. आम्ही बोलतो फोनवर. कधीपासून बोलतोय."

आक्का हसली. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, खात्री होती. "माझी बहीण माझ्यापासून फुटलेली कपबशी लपवू शकत नाही. तिचा चेहरा काचेचा आहे. ती हे एवढं मोठं माझ्यापासून लपवील?"

"तिलाच विचार."

"काय विचारू? ती पाण्याला आला म्हणते. तिच्या जिभेची साक्ष काढतोस?" शेवटच्या शब्दात आक्काचा पाय घसरला होता. तिच्या ते लक्षात आले आणि तिचा चेहरा अधिकच कठीण झाला. उस्तादाने खाली पाहिले.

मैनेसमोर फर्म्यांची चळत होती. ती हाडाच्या पट्टीने घडी दाबत होती. एकच घडी, पुन्हा पुन्हा. जिची टकळी बंद होत नसे ती मैना या वेळी एक शब्द बोलली नाही.

"एका कान्याचा तर प्रश्न आहे," आक्का म्हणाली. आता तिचा आवाज खरोखर विनवणीचा झाला होता, आणि तो फार थोड्यांनी ऐकला होता. "आलो मधला काना काढला की आले होतं. तेवढंच मागते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही. मरणाऱ्या आईसाठी. मग बाहेर येऊन हवं ते म्हण."

आतून धाकटीच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. वाद घालत बसायला वेळ नव्हता. पाहुण्याला ते तिच्याइतकेच कळत होते. त्याने बूट काढले. दाढीवरून हात फिरवला, जणू ती जरा वेळ बाजूला ठेवता आली असती तर त्याने ठेवली असती. "चल," तो म्हणाला.

खोलीत औषधांचा आणि खळीचा मिसळलेला वास होता. धाकटी उताणी पडली होती. पाहुणा गुडघ्यांवर बसला आणि तिचा डावा हात त्याने हातात घेतला. त्याने घसा साफ केला, आवाज ओढून वर नेला, बारीक केला. गिरणीत हात अडकावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आई, मी आले."

धाकटीने हात काढून घेतला.

"कोण बाई?"

"मी, आई. मी आले गं."

"इथे बसू नका, बाई." तिचे बोलणे तुटक होते, पण त्यात घाई होती. "ही जागा माझ्या मुलाची आहे. तो येणार आहे. मैनेने सांगितलंय त्याला."

"मुलगी म्हण," आक्का सवयीने पुढे झाली. "मुलगी येणार..."

"आक्का." धाकटीने आंधळे डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. कितीतरी दिवसांत ती इतके लांबलचक बोलली नव्हती. "तू बाहेर जा. तो तुला घाबरतो. तू खोलीत असलीस, तर माझा मुलगा आत यायचा नाही. जा गं, आक्का. तू चांगली आहेस. पण जा."

आक्का जागच्या जागी उभी राहिली. त्या बोलण्यात एकही चूक नव्हती. तो घाबरतो, तू असलीस, माझा मुलगा. सगळे शब्द आपापल्या जागी होते, दोऱ्याने शिवल्यासारखे. पाणी, खिडकी, उशी यांचे सगळे गोंधळले होते. एवढे एकच गोंधळले नव्हते, आणि रोज चमचा हातात धरून आक्का नेमके तेच दुरुस्त करत बसली होती.

भाचा, हो, भाचाच, आईच्या कानाशी वाकला आणि आता आपल्या आवाजात म्हणाला, "आई, मी आलो. मीच आहे. मी आलो."

पण तेवढ्या बोलण्यानेच धाकटी संपून गेली होती. तोंड किंचित उघडे राहिले. एक पापणी अर्धी मिटली. त्याने पुन्हा म्हटले. मोठ्याने म्हटले, हळू म्हटले, हात हातात घेऊन, खांदा हलवून म्हटले. आक्का दुसऱ्या बाजूने खाली बसली. तिच्या गुडघ्यांना खाली बसणे वर्षानुवर्षे जमत नव्हते. तिने बहिणीच्या केसांवरून हात फिरवला आणि कानात सांगितले, "तुझा मुलगा आलाय गं. हा बघ. मी त्याला काही म्हणत नाही. मी आता काही म्हणत नाही."

श्वास तेवढा चालू होता.

डॉक्टर येऊन गेले. आता तिला काही कळणार नाही, म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी बॅग बंद केली.

संध्याकाळी मशीन बंद झाले तेव्हा आक्का बाहेर आली. मैना एकटीच घड्या घालत बसली होती. घरी जायची तिची वेळ टळून गेली होती.

"फोन तू लावून द्यायचीस?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही छापखान्यात जायच्या तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस. बरं, तेव्हा नाही तर नाही. आज दुपारी? ते पोर माझ्यासमोर घसा फोडून सांगत होतं, आणि तू पट्टी घासत बसलीस."

"तुमच्यासमोर कोण बोलणार, आक्का?" मैनेच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तिने पदर लावला नाही, पट्टीही खाली ठेवली नाही. "मी कधी बोलले? उस्ताद कधी बोलले? धाकट्या आक्का तर म्हणायच्या, तिला कळता कामा नये. मी म्हटलं, फार रागावतील का? तर म्हणाल्या, रागावली तर बरं होईल गं, राग उतरतो. ती रागावणार नाही. ती दुरुस्त करील."

आक्का शिवणीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. कुणी थोबाडीत मारली असती तर तिने ती परत केली असती. हे परत करण्यासारखे नव्हते.

"घरी जा," ती शेवटी म्हणाली. "उशीर झालाय. उस्तादांना म्हणावं, कोपऱ्यापर्यंत सोबत करा."

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. पुन्हा शुद्धीवर आली नाही. भाचा सगळा वेळ उशाशी होता आणि अधूनमधून एकच वाक्य बोलत होता. आक्का दाराबाहेर स्टुलावर बसून राहिली. आत ये, असे त्याने तिला म्हटले नाही. आत जाऊ का, असे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

न्यायची वेळ झाली तेव्हा धाकटीचे दीर आले. सरळ पाठीचा, कडक इस्त्रीचा माणूस. कारखान्यात आठ-दहा माणसे जमली होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"वहिनींची मुलगी नाही आली? पुढे कोण होणार मग?"

"मुलगा आहे," आक्का म्हणाली. "तो पुढे होईल."

"मुलगा?" दीर आधी गोंधळले, मग त्यांनी भाच्याकडे पाहिले. नीट पाहिले. त्यांचा चेहरा आकसला. "आक्का, वय झालं तुमचं. दुःखही आहे, मी समजू शकतो. पण माझ्या भावाला एकच मुलगी होती. हे काय सोंग आहे?"

भाच्याचे खांदे पडले, त्याने पाऊल मागे घेतले. आक्काने ते पाहिले. काल दुपारी तिच्यासमोर बूट काढताना त्याचे खांदे असेच पडले होते.

"सोंग नाही. तुमच्या भावाचा मुलगा आहे. माझा भाचा."

"तुम्हाला पटतं हे? तुम्हाला?"

"नाही पटत," आक्का म्हणाली. "काल रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. विचार करकरून थकले. पटत नाही, आणि या वयात पटेल असंही वाटत नाही. पण आईला भेटायला आलेल्या पोराला मी माझ्या पटण्यापाशी अडवून ठेवलं. त्याचं काय झालं, ते त्या खोलीत मी पाहिलंय. ते मला दुसऱ्यांदा पाहायचं नाही. तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, माझं माझ्यापाशी आहेच. त्याला पुढे होऊ द्या."

"आणि मला जमलं नाही तर?"

"बाहेर बाक आहे, तिथे बसा. ऊन आहे, पाणी पाठवते. तुम्हालाही मी या घरातून घालवणार नाही, भाऊजी. पण आडवं यायचं नाही."

दीर काही वेळ बाहेरच्या बाकावर बसले. मग सगळे निघाले तेव्हा उठले आणि सगळ्यांच्या मागून चालत राहिले, कुणाशी न बोलता. भाचा पुढे होता. उस्तादाने एका बाजूने खांदा दिला आणि वाटेत तो भाच्याला हळूच म्हणाला, "पोरा, पाय संभाळ, इथे रस्ता उखडलाय." पाहुणे हा शब्द त्यानेही सोडून दिला होता.

दोन दिवस भाचा खोली आवरत राहिला. खाट मोडली, औषधे काढली, भिंत पुसली. आक्का त्याच्याशी नीट बोले. जेवलास का, झोपलास का, टॉवेल घेतलास का. प्रत्येक शब्द तिला जड जाई. प्रत्येक शब्द ती पूर्ण उच्चारी. तो उत्तर देई. त्यात राग नव्हता. पण आपल्या माणसाशी बोलताना आवाजात जी सैल जागा असते, ती नव्हती.

निघताना त्याने बॅग खांद्याला लावली आणि तो रिकाम्या खोलीच्या दारात थांबला.

"मावशी, तुला काय वाटतं? तिने ऐकलं असेल?"

आक्काला कळले की तो काय मागतो आहे. एक हो म्हणणे सोपे होते. मैनेने म्हटले असते. कुणीही चांगल्या माणसाने म्हटले असते. पण तिच्या खोटे बोलण्याने या खोलीत आधीच पुरेसे नुकसान केले होते. कागदवाला होता, सवड नाही, काम फार आहे.

"नाही," ती म्हणाली. "मी तोंडाकडे बघत होते. नाही ऐकलं. तू वेळेवर आला होतास. मी तुला बाहेर बसवलं."

त्याने मान हलवली. जणू कुणीतरी त्याच्याशी सरळ बोलावे एवढेच त्याला हवे होते, आणि ते मिळूनही काही हलके झाले नव्हते.

"पुन्हा ये," असे तिला म्हणायचे होते. हक्क उरला नव्हता, म्हणून ती दारापर्यंत त्याच्यामागून नुसती चालत गेली.

उंबऱ्याबाहेर पडून त्याने बूट घातले, फीत बांधली, आणि तो सरळ उभा राहिला.

"जातो, मावशी."

घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. परत येण्याची खूण मागे ठेवायची म्हणून 'येतो' म्हणायचे असते. लहान मुलालाही ते कळते. कुणी चुकून 'जातो' म्हणाला, तर आक्का त्याला पायरीवर अडवी, शब्द बदलून घेई, मगच सोडी. आताही तिचे ओठ हलले. भाचा थांबला होता. तिच्याकडे बघत होता. आपण कोणता शब्द बोललो हे त्याला पुरते ठाऊक होते.

आक्काने दाराची चौकट घट्ट धरली.

"बरं," ती म्हणाली. "सांभाळून जा."